कलप लावला की चेहरा सुजतो: आत्ता काय करायचं आणि दर वेळी असं का होतं

शनिवारी रात्री कलप लावला. रविवार बरा गेला. सोमवारी उठून आरशात बघावं तर पापण्या टम्म फुगलेल्या, कानाच्या पाळ्या लालभडक, मानेवर बारीक पुरळ आणि खाज इतकी की हात आवरत नाही. टाळूला मात्र विशेष काही झालेलं नसतं, म्हणून कलपावर संशयच जात नाही. काहीतरी खाण्यात आलं असेल, रात्री किडा चावला असेल, असं म्हणत दोन-तीन दिवस निघून जातात.

बेळगावात शहापूर भागात मी औषधाच्या दुकानात बसते. लगीनसराई सुरू झाली किंवा गणपती जवळ आले की डोळ्यांपर्यंत पदर ओढून माणसं येऊ लागतात. वडगावच्या, येळ्ळूरच्या, पार खानापूरकडच्याही. बायका जास्त, पण मिशा काळ्या करणारे काकाही कमी नाहीत. "आक्का, डोळं उघडंना झालंय बघ, कायतरी मलम दे." यातलेच कितीतरी जण काही महिन्यांनी परत येतात. तोच चेहरा, तीच सूज, फक्त कलपाची कंपनी बदललेली.

सगळ्यात आधी हे बघा

कलप लावल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा वाटू लागला, श्वास लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाव, तालुका, जिल्हा तिन्ही सांगा. सीमेवरच्या गावांत एकाच नावाची दोन गावं असू शकतात, नुसत्या नावानं गाडी भलतीकडे जाईल. हा प्रकार क्वचितच होतो, पण झाला तर वेळ फार थोडा असतो.

डोळा पूर्ण मिटला असेल, नजर धूसर झाली असेल, फोडांतून पिवळी लस किंवा पू येत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाई असेल किंवा लहान मुलाला झालं असेल तरीही तसंच. खानापूर, चिकोडी, निपाणीला सरकारी दवाखाना आहे, बेळगावात सिव्हिलला त्वचारोगाचा विभाग आहे, निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. जाल तिथं कलपाचं रिकामं पाकीट घेऊन जा. ते कचऱ्यात गेलं असेल तर उचलून आणा. डॉक्टरांचं निम्मं काम त्या पाकिटानं होतं.

हे नक्की कलपानंच झालंय का?

लावताना किंवा धुताना लगेच आग झाली, त्वचा तिथल्या तिथे लाल झाली आणि एक-दोन दिवसांत उतरली, तर तो बहुधा रसायनाचा दाह असतो. अमोनिया किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड फार वेळ राहिलं, आधीच टाळू खरचटलेली होती, अशानं तो होतो आणि कुणालाही होऊ शकतो. अ‍ॅलर्जीची चाल वेगळी. ती उशिरा येते, साधारण २४ ते ७२ तासांत, आणि तिच्यात आगीपेक्षा खाज जास्त असते. टाळूची त्वचा जाड असते, तिच्यावर फारसं दिसत नाही. पापणीची त्वचा शरीरात सगळ्यात पातळ, म्हणून थेंबभर पाणी ओघळून गेलं तरी पहिली सूज पापणीवर येते. कानामागची घडी, केसांची कड, मानेची मागची बाजू या ठरलेल्या जागा. मिशांना लावणाऱ्यांचा वरचा ओठ सुजतो. आपल्याकडे बऱ्याच जणांना याला दाढदुखीची सूज म्हणायची सवय आहे.

दुसरी एक गल्लत नेहमी होते. "पित्त उठलंय" म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात. पित्ताच्या गांधी जागा बदलतात. इथली उतरते, तिथली उठते, आणि कुठलीही एक गांध सहसा चोवीस तासांच्या आत नाहीशी होते. कलपाचं पुरळ एकाच जागी ठाण मांडून बसतं, दिवसेंदिवस. आणि आमसूल आंबट असतं, सोललेल्या त्वचेवर ते लावलं तर आगीत तेल.

एक न ओळखू येणारा प्रकार म्हणजे खाज नाही, सूज नाही, पण कपाळाच्या कडा, कानशिलं आणि मान हळूहळू काळपट होत जातात. सावळ्या त्वचेवर हा प्रकार बराच दिसतो. ऊन लागलं असेल, वय झालं असेल असं समजून वर्षानुवर्षं कलप चालूच राहतो. काही जणांच्या त्वचेवर उलट पांढरे डागही पडतात. तुमच्या चेहऱ्याची कड अशी काळवंडत असेल तर कलप थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. गोरं करणारी क्रीमं लावून ते जाणार नाही.

पहिल्या दिवशी: धुणं

पुरळ दोन दिवसांनी उमटलं असलं तरी केसांत आणि टाळूवर कलप शिल्लक असू शकतो, विशेषतः पाण्यात कालवून लावायच्या पावडरीचा. म्हणून आधी डोकं धुवा. कोमट पाणी घ्या, कढत नको. मान मागे टाकून, दुसऱ्या कुणाकडून तरी धुवून घ्या, म्हणजे काळं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरणार नाही. धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत. लहान मुलांचा किंवा बिनवासाचा सौम्य शाम्पू वापरा. शिकेकाई या वेळी नको, ती भरड असते आणि सुजलेल्या त्वचेला झोंबते. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत दोन-तीन वेळा धुवा. मग उशीचा अभ्रा, टॉवेल आणि कंगवा बदला. कलप डोळ्यांत गेला असेल तर साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं डोळा धुवून डॉक्टरकडे जा.

केस कापायचे का, असं बायका फार काकुळतीला येऊन विचारतात. शक्यतो गरज पडत नाही. कलपाचा रंग केसात एकदा पूर्ण पक्का बसला की त्याचा त्रास बहुतेक होत नाही. त्रास होतो तो अर्धवट राहिलेल्या कलपाचा, आणि तो धुण्यानं जातो.

खाज आणि सूज उतरवायला

सगळ्यात गुणकारी उपाय सगळ्यात स्वस्त आहे, आणि तोच लोक नीट करत नाहीत. पाणी उकळून गार करा. अर्ध्या लिटरात पाऊण चहाचा चमचा मीठ विरघळवा. जुन्या धोतराचं किंवा सुती लुगड्याचं मऊ, धुतलेलं फडकं घ्या, चार पदरी घडी करा, त्या पाण्यात बुडवा आणि पाणी टपकणार नाही इतपत पिळा. ते सुजलेल्या पापण्यांवर, कानांवर, मानेवर नुसतं ठेवा. चोळायचं नाही, दाबायचं नाही. फडकं अंगाच्या उष्णतेनं कोमट झालं की पुन्हा बुडवा. दहा-पंधरा मिनिटं असं करा, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी उडून जाताना त्वचेतली उष्णता घेऊन जातं, लस सुकते, खाज बसते. दर वेळी फडकं आणि पाणी नवं घ्या, नाहीतर जंतू वाढतात. बर्फाचा खडा थेट त्वचेवर टेकवू नका.

लस थांबून त्वचा कोरडी पडली, ताणल्यासारखी वाटू लागली की ओली पट्टी बंद करा आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. साधं, बिनवासाचं, घाण्यावरचं खोबरेल याच टप्प्यावर चालतं. लस येत असताना ते लावलं तर सगळं चिकट होऊन बसतं. कॅलामाइन लोशन मानेवर, हातांवर, जिथं केस नाहीत आणि लस नाही तिथं बरं. केसांत त्याच्या खपल्या होतात.

रात्री दोन उशा घेऊन झोपा. सकाळी पापण्या जास्त सुजलेल्या असतात, कारण आडवं पडल्यावर पाणी चेहऱ्यात साचतं. नखं कापा. झोपेत माणूस खाजवतोच. उन्हात आणि चुलीपुढे, भट्टीपुढे शक्यतो जाऊ नका, घाम आला की खाज दुप्पट होते. एप्रिल-मे महिन्यांत याचा फार त्रास होतो.

सेटिरिझिनची गोळी (मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅम, रात्री एक) खाजेला थोडी मदत करते आणि झोप लागते. गाडी चालवायची असेल तर जपून. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पण ही गोळी अ‍ॅलर्जीचं मूळ थांबवत नाही. कलपाची अ‍ॅलर्जी पित्तासारखी हिस्टामिन या शरीरातल्या रसायनामधून येत नाही, ती पेशींमधून येते. म्हणून गोळीनं सूज ओसरली नाही तर दोन-दोन, तीन-तीन खाऊ नका. अशा वेळी डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, आणि त्या त्यांनीच द्यायच्या असतात. मधुमेह असलेल्यांनी ते आवर्जून सांगावं, त्या गोळ्यांनी साखर वाढते.

मलमाबद्दल

इथं मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण बिघाड इथं होतो. लोक येऊन "खाजेची ट्यूब" मागतात आणि ज्या ट्यूबा सर्रास मागितल्या जातात त्यांत एक कडक स्टिरॉइड, एक बुरशीचं औषध आणि एक प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून ती ट्यूब घरात राहते, आणि पुढं चेहऱ्यावर काहीही उठलं की तीच लावली जाते. महिनाभरात त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, आणि बंद केली की सगळं दुपटीनं उसळतं. डोळ्यांभोवती लावत राहिलं तर डोळ्यांचा दाब वाढू शकतो. शिवाय यातल्या काही ट्यूबांत निओमायसिन हे प्रतिजैविक असतं, आणि त्याचीच अ‍ॅलर्जी असलेली माणसं कमी नाहीत. म्हणजे आधीच्या पुरळावर दुसरं पुरळ. कडक स्टिरॉइडची मलमं २०१८ साली केंद्र सरकारनं अनुसूची 'एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत टाकली, ती चिठ्ठीशिवाय मागूच नयेत. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून गिऱ्हाईक रागावून समोरच्या दुकानात गेलं तरी.

एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य मलम मानेवर, कानामागे थोडे दिवस पातळ लावायला डॉक्टर सांगतात. पापणीवर तेही स्वतःच्या मनानं नको.

घरगुती म्हणून जे लावलं जातं त्यातलं लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, टूथपेस्ट, लसूण, तुरटी, डोकेदुखीचा बाम यांतलं काहीही नको. हळदीवर आपला जीव असतो, पण हळदीच्या लेपानंही काहींना पुरळ येतं आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की उतरतेय हेच दिसत नाही. कोरफड लावायचीच असेल तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळू द्या, तो चीक झोंबतो. फक्त आतला पांढरा गर घ्या, आणि तोही न फुटलेल्या त्वचेवर.

हे सगळं नीट केलं तर दोन-तीन दिवसांत सूज उतरायला लागते आणि एक ते दोन आठवड्यांत त्वचा पूर्ववत होते. काळपट डाग काही महिने राहतात. त्यांना घासू नका.

मग पुन्हा पुन्हा का होतं?

कारण कंपनी बदलते, रसायन बदलत नाही. त्याचं नाव पॅरा-फेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी. काळा आणि गडद तपकिरी रंग पक्का बसवणाऱ्या बहुतेक कलपांत ते किंवा त्याचं भावंड असतं. पीपीडीचा कण इतका लहान असतो की त्वचेत सहज शिरतो, तिथल्या प्रथिनांना चिकटतो, आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवतात. ही ओळख पटायला काहींना एक वापर पुरतो, काहींना पंधरा वर्षं लागतात. म्हणून "मी इतकी वर्षं हाच लावतोय, आजच कसं होईल?" या प्रश्नाला उत्तर असं की होतं, असंच होतं. आणि एकदा पटलेली ओळख बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर राहते. पुढच्या वेळी पुरळ लवकर येतं, जास्त येतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या एका संस्थेनं २००६ साली 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' म्हणून पीपीडीचंच नाव घेतलं होतं. युरोपात केसांवर लागताना त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत.

"ह्यात अमोनिया न्हाई की," असं म्हणून काका मला पाकीट दाखवतात. अमोनिया नसणं चांगलंच, वास येत नाही, आग कमी होते. पण अ‍ॅलर्जी अमोनियाची नसतेच. 'हर्बल', 'आयुर्वेदिक', 'नैसर्गिक' या शब्दांचंही तेच. पाकिटावर पुढं आवळा आणि माका यांची चित्रं असतात, मागं बारीक अक्षरात पीपीडी असतं.

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे काळी मेंदी. मेंदीच्या पानात काळा रंग नाही. तिच्यातलं लॉसोन केसांना नारिंगी-तांबडा रंग देतं आणि त्याला तास-दोन तास लागतात. अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करणारी पुडी किराणा दुकानात मिळते तेव्हा तो काळा रंग रसायनाचा असतो, आणि ते रसायन बहुधा पीपीडीच. जत्रेत हातावर काळ्या मेंदीचं गोंदण काढून देतात त्यातही हेच असतं, मुलांना तर ते अजिबात काढू देऊ नका. लहानपणी हातावर पटलेली ओळख मोठेपणी पहिल्या कलपाला डोळे सुजवून दाखवते.

पाकिटावर काय शोधायचं? नाव बहुतेक इंग्रजीत असतं. पॅरा-फेनिलीनडायअमीन, पी-फेनिलीनडायअमीन, १,४-डायअमिनोबेंझीन, किंवा नुसता आकडा सी. आय. ७६०६०. हे सगळं एकच. टोल्युइन-२,५-डायअमीन दिसलं तर तेही टाळा, पीपीडी न सोसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. आपल्या भागात अडचण अशी की मराठी शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांना पाकिटावरचं कन्नडही वाचता येत नाही आणि इंग्रजीही. नातवंडांना तिन्ही येतं. त्यांना वाचायला बसवा, मोबाइलवर फोटो काढून अक्षरं मोठी करा. कलपावर धोक्याची सूचना इंग्रजी आणि स्थानिक भाषांत छापायला कायद्यानं बंधन आहे, आणि त्याच सूचनेत भुवया-पापण्यांना कलप लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, असंही लिहायचं असतं. ती घडी घातलेली चिठ्ठी डबीतून काढून सरळ कचऱ्यात जाते.

आधी कधीच त्रास झालेला नाही त्यांनी तरी दर वेळी चाचणी करावी. कालवलेला कलप कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे रुपयाएवढा लावून वाळू द्या. चिठ्ठीत चोवीस तास थांबा म्हणतात, मी दोन-तीन दिवस थांबा म्हणेन, कारण अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. ज्यांना एकदा त्रास झालाय त्यांनी ही चाचणी घरी करूच नये, तेवढ्यानंही फोड येतात. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे पॅच टेस्ट असते. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. त्यात एक टक्का पीपीडी असतं. नक्की कशाची अ‍ॅलर्जी हे कागदावर मिळतं, आणि घरात होणारे वाद मिटतात.

मग केसांना लावायचं काय?

शुद्ध मेंदी. पुडीवर घटक एकच असावा. पांढरे केस तांबूस होतील. त्यावर नीळीच्या पानांची पावडर वेगळी लावली तर गडद तपकिरी होतात, पण नीळ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांतही भेसळ असते, तेव्हा घटक वाचा. लग्नापुरतं केसांवर फिरवायची कांडी किंवा पावडर मिळते, ती वर बसते आणि धुतली की जाते. तिचे घटकही वाचूनच घ्या. किंवा पांढरे राहू द्या. हे मी मनापासून सांगते. कलप सोडल्यावर सहा-आठ महिने दोन रंगांचे केस वागवावे लागतात, तेवढा काळ अवघड जातो, विशेषतः बायकांना, कारण चार माणसं विचारतात. घरच्यांनी त्या काळात टोमणे मारू नयेत.

घरातल्या दुसऱ्या कुणी कलप लावला असेल तरी त्याचा अर्धवट धुतलेला रंग उशीवरून, टॉवेलवरून तुम्हाला लागू शकतो. नवऱ्याच्या मिशीनं बायकोची हनुवटी उठलेली आहे. कलप लावणाऱ्या पार्लरच्या मुलींनी आणि कटिंगच्या दुकानातल्या पोरांनी नायट्राइलचे हातमोजे वापरावेत, दर गिऱ्हाइकाला नवे. पातळ रबरी मोज्यांतून पीपीडी आत झिरपतं.

पीपीडीची अ‍ॅलर्जी ठरली असेल तर डॉक्टरांच्या फायलीवर आणि पैशांच्या पाकिटातल्या एका चिठ्ठीवर तसं लिहून ठेवा. दातांच्या दवाखान्यात हिरडी बधिर करायला बेंझोकेन लावणार असतील तर आधी सांगा, ते पीपीडीच्या नात्यातलं आहे. लिग्नोकेन वेगळ्या कुळातलं, ते सहसा चालतं. सल्फाची औषधं लिहून देत असतील तर तेव्हाही चिठ्ठी दाखवा. गडद रंगाचे पॉलिस्टरचे ब्लाउज, लेगिंग घालून काखेत किंवा मांडीला पुरळ येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या कपड्यांतले काही रंग याच जातीचे असतात. सुती कापडानं बरं वाटतं.